नगरमुद्रेकडून कुलचिन्हाकडे : मनिलाच्या आतेनेओ विद्यालयाचे चिन्ह व ब्रीदवाक्य

मुद्रा, नाणी, ताम्रपट आणि शिलालेख ही इतिहासाची अव्वल साधने होत, हे आपल्याकडील विद्यार्थ्यांस नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. शिवछत्रपतींच्या राजमुद्रेचा अभ्यास करताना आपण केवळ तिच्यातील प्रतिपदेच्या चंद्रकोरीच्या उपमेचे सौंदर्य पाहून थांबत नाही. फारसी मुद्रांचा सर्वत्र प्रघात असताना ही मुद्रा संस्कृतात का कोरली गेली, तीत पित्याचा निर्देश का आला, आणि राज्य हाती येण्यापूर्वीच वर्धिष्णुतेची ग्वाही देण्याचे धैर्य तीत कोठून आले, असे प्रश्न आपण विचारतो; आणि या प्रश्नांच्या उत्तरांतूनच मुद्रा हे इतिहासाचे साधन बनते. परंतु शाळा-महाविद्यालयांच्या प्रवेशद्वारांवर जी चिन्हे आणि ब्रीदवाक्ये कोरलेली असतात, त्यांच्याकडे मात्र या दृष्टीने क्वचितच पाहिले जाते. संस्थेच्या माहितीपुस्तिकेत दिलेला त्यांचा अर्थ आपण मुकाट्याने स्वीकारतो. अमुक प्राणी म्हणजे शौर्य, अमुक रंग म्हणजे निष्ठा, अमुक ज्योत म्हणजे ज्ञान, असा एक कोश तयार असतो आणि त्यात सगळे प्रश्न विरून जातात.

प्रस्तुत लेखात अशा एका चिन्हाचा विचार करावयाचा आहे. ते आहे फिलिपाईन्समधील मनिला येथील आतेनेओ या कॅथलिक विद्यालयाचे. हे विद्यालय १८५९ साली येशूसंघाच्या, म्हणजे जेझुइटांच्या, हाती आले आणि १९५९ साली त्यास विद्यापीठाचा दर्जा मिळाला. या शंभर वर्षांत त्याची मुद्रा एकाहून अधिक वेळा बदलली. हे बदल क्रमाने पाहिले असता असे दिसून येते की, चिन्हाचा अर्थ एकट्या चिन्हात नसतो. ते कोणी, केव्हा, आणि मुख्य म्हणजे कोणत्या चिन्हाच्या जागी बसविले, यात तो असतो. आजच्या चिन्हावर जे आहे त्याइतकेच, त्यावरून जे गेले तेही अभ्यासनीय आहे.

प्रथम आजचे चिन्ह पाहू. ते १९२९ साली, विद्यालयाच्या सत्तराव्या वर्धापनवर्षी, फादर रिचर्ड ओब्रायन या रेक्टरांच्या कारकीर्दीत स्वीकारण्यात आले. मध्यभागी एक उभी ढाल असून तिचे दोन भाग केलेले आहेत. पाहणाराच्या डाव्या हाताच्या भागात सोनेरी क्षेत्रावर सात तांबडे तिरके पट्टे आहेत. उजव्या हाताच्या भागात साखळीने टांगलेले एक मोठे पातेले असून त्याच्या दोन्ही बाजूंस मागील पायांवर उभे राहिलेले दोन लांडगे आहेत. ढालीच्या वर किरणांनी वेढलेले वर्तुळ असून त्यात येशूच्या ग्रीक नामाची पहिली तीन अक्षरे, लॅटिन वळणाने आय-एच-एस अशी, कोरलेली आहेत. भोवतालच्या दोन अर्धवर्तुळाकार फितींपैकी वरच्या फितीवर ‘लुक्स इन दोमिनो’, म्हणजे ‘प्रभूमध्ये प्रकाश’, हे ब्रीदवाक्य, तर खालच्या फितीवर विद्यालयाचे नाव आहे.

ही ढाल कोणा शिक्षणतज्ज्ञाने कल्पनेने योजलेली नाही. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांच्या ओन्याझ-लोयोला या बास्क घराण्याचे ते कुलचिन्ह आहे. स्पेनच्या उत्तरेकडील एका डोंगराळ प्रांतातील जमीनदार घराण्याची खूण सातासमुद्रापलीकडील आशियाई मुलांच्या गणवेशावर यावी, हा प्रकार आपण जितका स्वाभाविक मानतो तितका तो खचित नाही. त्याचे मर्म उमगण्यासाठी या ढालीपूर्वी त्या जागी काय होते, ते पाहिले पाहिजे.

येशूसंघाचे धर्मगुरू फिलिपाईन्समध्ये प्रथम १५८१ साली आले. स्पेनच्या राजाने आपल्या सर्व मुलखांतून संघाची हकालपट्टी केली, तेव्हा १७६८ साली त्यांना ती बेटे सोडावी लागली. १७७३ साली पोपने संघच विसर्जित केला आणि १८१४ साली त्याचे पुनरुज्जीवन झाले. मनिलास ते परतले ते १८५९ साली. त्या वेळी मनिलाच्या तटबंदीच्या आतील शहरात नगरसभेच्या खर्चाने चालणारी एक लहानशी शाळा होती. ती शाळा चालविण्याचे काम नगराने या नवागतांकडे सोपविले आणि १० डिसेंबर १८५९ रोजी त्यांनी तिचा कारभार हाती घेतला. तिचे नाव ‘एस्कुएला म्युनिसिपाल’, म्हणजे नगरशाळा, असे होते. १८६५ साली तीस माध्यमिक विद्यालयाचा दर्जा मिळाला, तेव्हा तिचे नाव ‘आतेनेओ म्युनिसिपाल’ झाले. ‘आतेनेओ’ म्हणजे अथीना या विद्यादेवतेचे स्थान. या नावातही ‘म्युनिसिपाल’ हे विशेषण कायम राहिले, याकडे लक्ष द्यावे.

शाळा नगराची, तेव्हा मुद्राही नगराचीच होती. मनिला शहरास १५९६ साली दुसऱ्या फिलिप राजाने कुलचिन्ह बहाल केले होते. त्याच्या वरच्या अर्ध्या भागात तांबड्या क्षेत्रावर सोन्याचा किल्ला आहे. खालच्या अर्ध्या भागात निळ्या क्षेत्रावर हाती तलवार घेतलेला, कमरेच्या वर सिंह व खाली मत्स्य असा एक जलसिंह आहे. किल्ला हा कॅस्टील राज्याचा, सिंह लिऑनचा. त्या सिंहास शेपटी माशाची दिली, की समुद्रापलीकडील स्वामित्व सूचित झाले. अर्थात हे चिन्ह साम्राज्याचे होते, याविषयी संशय नको. तथापि ते दिले गेले होते नगरास. कोणा एका घराण्यास नव्हे, की संघासही नव्हे. शाळेने तेच सुटसुटीत रूपात आपल्या मुद्रेवर घेतले. १८६५ नंतर त्यात येशूनामाची अक्षरे आणि मरियामातेची काही चिन्हे मिळविण्यात आली, परंतु नगराचे चिन्ह ढळले नाही. त्या काळची मुद्रा सरळ भाषेत वाचावयाची तर ती असे म्हणत होती : ही शाळा शहराची आहे आणि तिचे शिक्षक येशूसंघाचे आहेत.

या मुद्रेखाली शिकलेला सर्वांत विख्यात विद्यार्थी म्हणजे होसे रिझाल. १८७२ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, तो या विद्यालयात आला आणि १८७७ साली उच्च श्रेणीत पदवी घेऊन बाहेर पडला. पुढे ‘नोली मे तान्हेरे’ (१८८७) आणि ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’ (१८९१) या कादंबऱ्यांतून त्याने वसाहतीच्या राज्यव्यवस्थेवर आणि मठवासी धर्मगुरूंच्या सत्तेवर जो प्रहार केला, त्याची परिणती ३० डिसेंबर १८९६ रोजी त्याच्या देहदंडात झाली. रिझालच्या वेळच्या वर्गव्यवस्थेविषयी एक गोष्ट येथे नमूद करण्याजोगी आहे. जेझुइटांच्या जुन्या शिक्षणपद्धतीस अनुसरून वर्गाचे दोन पक्ष केलेले असत. एक रोमचा, दुसरा कार्थेजचा. वसतिगृहात राहणारे विद्यार्थी रोमन, बाहेरून येणारे कार्थेजियन. एकाचे निशाण तांबडे, दुसऱ्याचे निळे. प्रत्येक पक्षात सम्राट, ट्रिब्यून, सेंच्युरियन अशी पदे असत आणि ती केवळ अभ्यासातील चढाओढीने मिळत व जात. नवखा म्हणून मागे बसविलेला रिझाल थोड्याच दिवसांत ‘सम्राट’ झाला.

हा बालिश खेळ म्हणून सोडून देण्याजोगा नाही. ज्या समाजात स्पेनमध्ये जन्मलेला, बेटांवर जन्मलेला स्पॅनिश, मिश्र रक्ताचा आणि एतद्देशीय ‘इंदियो’ अशी उतरंड जन्माने ठरत होती, त्या समाजात या वर्गाच्या चार भिंतींपुरते निशाण आणि पद जन्मावर अवलंबून नव्हते. एतद्देशीय मुलगा स्पॅनिश मुलाच्या वरच्या आसनावर बसू शकत होता. रिझालच्या मनात समतेची आकांक्षा याच खेळाने उत्पन्न केली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु नगराची मुद्रा दारावर, आणि गुणाने जिंकावयाचे निशाण वर्गात, ही त्या विद्यालयाची दोन चिन्हे त्याने पाहिली होती. लोयोला घराण्याची ढाल त्याच्या वेळी तेथील मुद्रेवर नव्हती. आज त्या ढालीखाली रिझालचे नाव अभिमानाने घेतले जाते, तेव्हा हा कालविपर्यास अभ्यासकाने तरी विसरता कामा नये.

१८९८ साली स्पेनची सत्ता गेली आणि अमेरिकेची आली. नव्या राजवटीने शिक्षण हे शासनाचे कार्य मानले आणि धर्मसंस्थेच्या शाळेस सार्वजनिक पैसा देण्याचे नाकारले. १९०१ साली विद्यालयाचे अनुदान बंद झाले, आणि त्याबरोबर ‘म्युनिसिपाल’ हे विशेषण नावातून गळाले. शाळा कायद्याने खाजगी झाली. येथे मुद्रांच्या अभ्यासकास एक उद्बोधक गोष्ट आढळते. नाव गेले, पैसा गेला, तरी चिन्ह राहिले. १९०९ साली सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी जी नवी मुद्रा करण्यात आली, तीत संघाची आणि मरियामातेची चिन्हे अधिक स्पष्ट झाली असली तरी नगराच्या चिन्हाचे अवशेष कायमच होते. म्हणजे नगराशी असलेले आर्थिक नाते तुटल्यावरही अठ्ठावीस वर्षे विद्यालय आपल्या मुद्रेवर नगराचा निर्देश करीत राहिले. पेशवाईत सत्ता पुण्यास आली तरी मुद्रेवर छत्रपतींचे नाव राहिले, हे आपल्या परिचयाचे आहे. व्यवहार बदलला तरी मुद्रा मागे रेंगाळते. आणि ती ज्या दिवशी बदलते, त्या दिवशी कोणी तरी जाणीवपूर्वक निर्णय घेतलेला असतो.

तो निर्णय १९२९ साली झाला. १९२१ पासून स्पॅनिश धर्मगुरूंच्या जागी अमेरिकन जेझुइट आले होते आणि त्यांच्याबरोबर अध्यापनाची भाषा म्हणून इंग्रजी आली होती. ओब्रायन हे या अमेरिकन रेक्टरांपैकी तिसरे. त्यांच्या कारकीर्दीत किल्ला आणि जलसिंह मुद्रेवरून उतरले आणि त्यांच्या जागी सात पट्टे, दोन लांडगे व पातेले आले.

आता या नव्या ढालीचा अर्थ पाहू. सर्वत्र दिला जाणारा अर्थ असा : लोयोला घराणे इतके उदार होते की, आप्तेष्ट आणि सैनिक जेवून तृप्त झाल्यावरही पातेल्यात एवढे अन्न उरे, की रानातले लांडगे येऊन त्यावर आपली भूक भागवीत. ‘लोयोला’ या नावात लांडगा आणि पातेले या अर्थांचे स्पॅनिश शब्द ओळखण्याचीही लोकव्युत्पत्ती आहे. अर्थ गोड आहे, आणि शाळेतील मुलांस सांगण्यास योग्यही आहे. परंतु इतिहासाच्या दृष्टीने तो अपुरा आहे. कॅस्टीलच्या सरंजामशाहीत ध्वज आणि पातेले ही मोठ्या सरदाराची दोन लक्षणे मानली जात. ध्वज म्हणजे स्वतःचे सैन्य उभारण्याचा अधिकार, आणि पातेले म्हणजे ते सैन्य स्वतःच्या खर्चाने पोसण्याचे सामर्थ्य. तेव्हा पातेल्यातील औदार्य हे अन्नछत्राचे औदार्य नव्हे. पदरी बाळगलेल्या शिपायांना पोटभर घालून त्यांच्याकडून निष्ठा मिळविणाऱ्या धन्याचे ते औदार्य होते. आपल्याकडील एखाद्या वतनदाराच्या वाड्यात पंगती उठत, तेव्हा त्यामागे जो हिशेब असे, तोच येथे होता.

लोयोलांचा इतिहास याची साक्ष देतो. पंधराव्या शतकात त्या प्रांतातील घराणी ओन्याझ आणि गाम्बोआ अशा दोन तटांत विभागली जाऊन परस्परांचे गळे कापीत होती आणि लोयोला हे ओन्याझ तटाचे अग्रणी होते. या भाऊबंदकीस आळा घालण्यासाठी चौथ्या हेन्री राजाने अशा घराण्यांचे बुरुज पाडविले आणि १४५७ साली त्यांच्या प्रमुखांस हद्दपार केले. त्यांत इग्नेशियसचे आजोबा होते. परत आल्यावर त्यांनी वाड्याचे वरचे मजले बांधले ते दगडांचे नव्हेत, विटांचे. खालचा भाग दगडी किल्ल्याचा आणि वरचा नक्षीदार विटांचा, असे त्या वाड्याचे रूप आजही दिसते. आणि दरवाजावर कोरलेले आहेत ते हेच दोन लांडगे आणि हेच पातेले.

सात पट्ट्यांची कथाही अशीच तपासून घेतली पाहिजे. १३२१ साली बेओतिबार येथे गिपुस्कोआ प्रांताच्या लोकांनी नवारच्या सैन्याचा पराभव केला. त्यात ओन्याझ घराण्याच्या सात वीरांनी पराक्रम गाजविला, आणि अकराव्या अल्फोन्सो राजाने त्यांच्या स्मरणार्थ हे सात पट्टे बहाल केले, अशी परंपरा आहे. लढाई ऐतिहासिक आहे. परंतु अल्फोन्सोचा जन्म १३११ चा; म्हणजे लढाईच्या वेळी तो दहा वर्षांचा अज्ञान राजा होता. देणगी त्याच्या नावाने झाली असेल वा पुढे झाली असेल; तथापि राजाने रणशूरांस स्वहस्ते गौरविल्याचे चित्र मनात आणण्यापूर्वी हे वय ध्यानी घ्यावे. कुलपरंपरा ही बहुधा खरी घटना आणि सोयीचा राजा यांचा मेळ घालूनच सिद्ध होते, हे आपल्या बखरींच्या वाचकास वेगळे सांगावयास नको.

म्हणजे या ढालीवर एका बाजूस शेजारच्या राज्यावर मिळविलेल्या विजयाची स्मृती आहे आणि दुसऱ्या बाजूस खाजगी सैन्य पोसण्याचा अभिमान आहे. आता यापुढील प्रश्न असा की, ज्या पुरुषामुळे हे चिन्ह जगभर गेले, त्याचे स्वतःचे या चिन्हाशी नाते काय होते? इनिगो, म्हणजे पुढचे इग्नेशियस, यांचा जन्म १४९१ चा. १५२१ च्या मे महिन्यात पाम्प्लोनाच्या किल्ल्यात कॅस्टीलच्या बाजूने लढताना तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. वर्षभराने मोन्सेरातच्या मठात त्यांनी आपली तलवार अर्पण केली आणि अंगावरची उंची वस्त्रे एका भिकाऱ्यास दिली. १५३५ साली प्रकृतीसाठी ते जन्मगावी आले, तेव्हा वडील बंधूंनी आग्रह केला असताही त्यांनी वाड्यात मुक्काम केला नाही. गावच्या धर्मार्थ इस्पितळात ते राहिले आणि दारोदार भिक्षा मागून जेवले. ज्या घराचे पातेले त्या प्रांतात मिरविले जात होते, त्या घरच्या मुलाने त्याच गावात भिक्षान्न खावे, यात त्या कुलचिन्हाचे जितके स्पष्ट खंडन आहे तितके कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही. १५४१ साली संघाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले, तेव्हा मुद्रेसाठी त्यांनी घराण्याचे चिन्ह घेतले नाही. येशूनामाची तीन अक्षरे घेतली.

त्यांचे सहकारी फ्रान्सिस झेवियर यांचे उदाहरण याहून मार्मिक आहे आणि आपल्या भूमीशी त्यांचा साक्षात संबंध असल्याने त्याचा उल्लेख येथे अप्रस्तुत ठरू नये. झेवियर हे नवारचे. म्हणजे बेओतिबारच्या पराभूत पक्षाचे. पाम्प्लोनाच्या १५२१ च्या संग्रामात त्यांचे बंधू इग्नेशियस यांच्या विरुद्ध बाजूस होते. नवार पडल्यावर त्यांच्या वाड्याचे तट आणि बुरुज कॅस्टीलच्या आज्ञेने १५१६ साली पाडण्यात आले होते. पॅरिसच्या विद्यापीठात शिकत असताना, घराण्याची गेलेली प्रतिष्ठा परत मिळावी म्हणून, झेवियर यांनी १५३१ साली आपल्या कुलीनतेचा अधिकृत दाखला मिळविण्याचा अर्ज केला. चौकशी होऊन तो दाखला १५३६ च्या ऑगस्टमध्ये पाम्प्लोना येथे मंजूर झाला. परंतु दरम्यान १५३४ साली मोंमार्त्रच्या टेकडीवर इग्नेशियस आणि इतर मित्रांसमवेत त्यांनी दारिद्र्याचे व्रत घेतले होते. दाखला मंजूर झाल्यानंतर काही महिन्यांतच ते पॅरिस सोडून पायी निघाले, आणि ६ मे १५४२ रोजी गोव्यास उतरले. कुलीनतेचा कागद आला तेव्हा कुल मागे पडले होते.

येशूसंघाच्या आरंभीच्या मंडळींनी जे टाकले, तेच त्यांच्या अनुयायांनी पुढे दारावर लावले, असे यावरून म्हणता येईल. परंतु यास केवळ विसंगती म्हणून सोडणे योग्य नव्हे. एखाद्या घराण्याचे चिन्ह ज्यांचा त्या घराण्याशी रक्ताचा संबंध नाही अशा हजारो मुलांस दिले, की ते कुलचिन्ह राहतच नाही. त्यातील वारसा रक्ताचा न राहता गुरुपरंपरेचा होतो. आपल्याकडे मठात शिष्याचे पूर्वाश्रमीचे कुल मावळते आणि गुरूचे नाव हेच त्याचे कुल ठरते. मनिलाच्या मुलास लोयोलाची ढाल मिळाली ती या अर्थाने, असे मानण्यास प्रत्यवाय नसावा.

मग ही ढाल १९२९ सालीच का आली? याविषयी अनुमान करावयाचे तर परिस्थितीकडे पाहून करावे लागते. अमेरिकन रेक्टरांसमोर तीन चिन्हे होती. कॅस्टीलचा किल्ला ठेवला, तर तो गेलेल्या साम्राज्याचा होता आणि ज्या नगराने तीस वर्षांपूर्वी हात आखडता घेतला त्या नगराचाही होता. अमेरिकेचे चिन्ह घेतले असते, तर स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्या देशात ते परक्या सत्तेचे ठरले असते. फिलिपिनो राष्ट्राचे चिन्ह घेण्याइतका तो देश स्वतंत्र झाला नव्हता. लोयोलाची ढाल ही या तिन्ही अडचणींतून वाट काढीत होती. ती स्पॅनिश राज्याची नव्हती, अमेरिकेची नव्हती, आणि संघाची मात्र निर्विवाद होती. या निवडीत शहाणपण होते. तथापि तिची किंमतही पडली. मुद्रेवर आता शिक्षक उरले, शहर गेले. ‘ही शाळा कोणाची’ या प्रश्नास पूर्वीची मुद्रा दोन उत्तरे देत होती. नवी मुद्रा एकच देऊ लागली.

ब्रीदवाक्याचे परीक्षणही याच दिशेने नेते. ‘लुक्स इन दोमिनो’ हे शब्द नव्या करारातील इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातील आठव्या वचनातून घेतलेले आहेत. मूळ वचनात तीन पायऱ्या आहेत : पूर्वी तुम्ही अंधार होता, आता प्रभूमध्ये प्रकाश आहात, म्हणून प्रकाशाच्या लेकरांसारखे वागा. ब्रीदवाक्यात यातील मधली पायरी तेवढी उचलली आहे. आधीची कबुली गेली, आणि नंतरचा आदेशही गेला. क्रियापद नाही, ‘तुम्ही’ नाही. राहिले ते एक नाम आणि एक स्थलदर्शक पद. मूळ वचन उपदेश होते. त्याचे ब्रीद झाले, तेव्हा ती मालमत्तेची पाटी वाटण्याचा धोका उत्पन्न झाला. प्रकाश आमच्यापाशी आहे, असे ती म्हणू शकते. आणि प्रकाशाप्रमाणे वागण्याचे ऋण आमच्यावर आहे, असेही म्हणू शकते. कोणता अर्थ घ्यावयाचा, हे शब्द ठरवीत नाहीत. संस्थेचे आचरण ठरविते.

हा धोका काल्पनिक नव्हता. १९३२ च्या आगीत तटबंदीच्या आतील विद्यालयाची वास्तू भस्म झाली; १९४५ च्या मनिलाच्या लढाईत शहराबरोबर नवीही उद्ध्वस्त झाली. १९५२ साली विद्यालय शहराबाहेरच्या एका उंचवट्यावर गेले आणि त्या जागेसही लोयोलाचेच नाव मिळाले. मुद्रेवरून नगर १९२९ साली गेले होते. तेवीस वर्षांनी विद्यालय स्वतःच नगरातून गेले. एकामुळे दुसरे घडले असे म्हणावयाचे नाही, कारण युद्ध आणि आग ही कोणाच्या योजनेने आली नव्हती. परंतु १९६८ साली तेथील पाच विद्यार्थ्यांनी आपल्या नियतकालिकात ‘टेकडीवरून खाली’ या अर्थाच्या शीर्षकाचे एक जाहीर निवेदन प्रसिद्ध केले, आणि आपले विद्यापीठ मूठभर धनिकवर्गाचे व परकीय वळणाचे झाले असून त्याने फिलिपिनो समाजाकडे वळले पाहिजे, अशी मागणी केली. या तरुणांनी जुन्या मुद्रांचा अभ्यास केला होता, असे समजण्याचे कारण नाही. तरीही त्यांनी विचारलेला प्रश्न तोच होता, ज्याचे उत्तर १८५९ च्या मुद्रेवर एका किल्ल्याच्या आणि एका जलसिंहाच्या रूपाने, कितीही अपुरे का असेना, लिहिलेले होते. शाळा शिक्षकांची आहे हे खरे, पण ती कोणत्या लोकांसाठी आहे?

या विवेचनाचा उपयोग आपणास आपल्याकडील चिन्हे वाचण्यासाठी करता येईल. जुन्या गोव्यातील बॉम जेझुस बासिलिकेच्या दर्शनी भागावर तीच तीन अक्षरे कोरलेली आहेत, जी इग्नेशियस यांनी आपल्या मुद्रेसाठी घेतली. आणि आत त्या झेवियरचा देह आहे, ज्यास कुलीनतेचा दाखला निरुपयोगी झाला. मुंबईत १८६९ साली जेझुइटांनी स्थापिलेल्या सेंट झेवियर महाविद्यालयाचे ब्रीदवाक्य आहे ‘प्रोव्होकान्स आद व्होलान्दुम’, म्हणजे ‘उडण्यास उद्युक्त करणारा’. तेही अनुवादाच्या ग्रंथातील एका दीर्घ वचनाचा तुकडा आहे. मूळ वचनात आपल्या पिलांना उडण्यास प्रवृत्त करणारा गरुड आहे. ब्रीदात गरुडही नाही आणि पिलेही नाहीत. केवळ क्रिया आहे. मनिलाच्या ब्रीदात क्रिया गळाली, मुंबईच्या ब्रीदात कर्ता आणि कर्म गळाले. दोन्ही ठिकाणी गाळलेली जागा प्रत्येक पिढीने स्वतः भरावयाची असते. याच महाविद्यालयात फादर हेरास यांनी १९२६ साली भारतीय इतिहास संशोधन संस्था स्थापिली आणि सिंधू संस्कृतीच्या मुद्रांचा अर्थ लावण्यात आयुष्याची अनेक वर्षे वेचली. त्यांचे निष्कर्ष पुढे विद्वानांनी मान्य केले नाहीत. परंतु लहानशी मुद्रा ही मोठ्या समाजाचे दार असते, हा त्यांचा विश्वास मात्र कोणी खोटा ठरविलेला नाही.

सारांश, शैक्षणिक चिन्हाच्या अभ्यासकाने तीन प्रश्न विचारले पाहिजेत. या चिन्हापूर्वी येथे काय होते? हे चिन्ह मुळात ज्याचे, त्याने त्याचे काय केले? आणि ब्रीदवाक्य ज्या वचनातून तोडले, त्यातील कोणता भाग मागे राहिला? मनिलाच्या ढालीस हे प्रश्न विचारले असता उत्तरे अनुक्रमे अशी मिळतात : येथे एक शहर होते, मूळ वारसाने हे चिन्ह टाकून दिले होते, आणि मागे राहिला तो आचरणाचा आदेश. माहितीपुस्तिकेतील लांडग्यांच्या गोष्टीने मुलांचे समाधान व्हावे, यात गैर काही नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र त्या पातेल्यातून कोण जेवले, आणि कोण दाराबाहेर राहिले, हे पाहिल्याशिवाय उठू नये.